पूर्ण पानावर आचारी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नातीच्या लग्नाचे फोटो निवडणं. दिवाबत्तीची वेळ व्हायची होती. मस्तगडला माझ्या पोराचा फोटो स्टुडिओ आहे, तिथं आम्ही कंप्युटरपुढं बसलो होतो. ती डावीकडं, मी उजवीकडं. ती बघायची आणि मी दाबायचो.

असं का, ते सांगतो. तिच्या उजव्या हाताची बोटं वातानं आखडली होती, माउस धरला की दुखायची. माझी बोटं धड आहेत, पण डोळ्यापुढं धुकं. चेहरा कुणाचा ते जवळ गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून डोळे तिचे आणि हात माझा. गिऱ्हाइकांचंही काम आम्ही असंच करायचो.

लग्नाचे फोटो ढिगानं निघतात आणि अल्बममध्ये मावतात थोडे. कोणता घ्यायचा यावरून घराघरात भांडणं होतात. नवरा-नवरीला स्वतःचेच फोटो पाहिजेत. पण अल्बममध्ये मावशी आली आणि आत्या राहिली, तर ती आत्या पुढं बारशालाही येत नाही. माझ्या बायकोला हे बराबर कळायचं. गिऱ्हाईक आलं की ती पहिल्यांदा विचारायची, "तुमच्यात रुसणारं माणूस कोण हाय?" लोक हसायचे, एकमेकांकडं बघायचे, पण सांगायचे. त्या माणसाचा फोटो ती सगळ्यात आधी घ्यायची. पोरगा म्हणायचा, आई बसायला लागल्यापासून एक अल्बम परत आला नाही.

फोटो दाखवायचा प्रोग्राम माझ्या सुनेनं स्वतः केलेला आहे. तिचं शिक्षणच त्यातलं. विकत आणलेला प्रोग्राम तिला पसंत नव्हता. तिच्या प्रोग्राममध्ये माउसचं चाक फिरवलं की पुढचा फोटो येतो. एकदा दाबलं की फोटो अल्बमला घेतला. लागोपाठ दोनदा दाबलं की त्याला पूर्ण पान. बस, एवढंच. मी चौथी शिकलेला माणूस, मला एवढं जमायचं.

बायकोनं त्यात दोन कायदे घातले होते. पहिला कायदा, बाण कुणाच्या तोंडावर न्यायचा नाही. स्क्रीनवर माउसचा जो बाण फिरतो ना, तो. थोरामोठ्यांच्या तोंडात बाण खुपसायचा आणि वर दाबायचं, हे तिला पटायचं नाही. म्हणून मी बाण खाली पायांपाशी ठेवून तिथंच दाबायचो. सून म्हणायची, "आबा, कुठंबी दाबलं तरी चालतं." मी म्हणायचो, "तुला चालतं, तुझ्या सासूला न्हाई चालत."

दुसरा कायदा खुणेचा. पहिल्यांदा फोटो घेतला की त्याच्यावर मोठी हिरवी खूण उमटायची. ती नेमकी माणसांच्या अंगावर यायची. बायको म्हणाली, "जित्या माणसाला असं रेघाटून ठिवतेत का? काढ ते." सुनेनं काढलं. त्याच्याऐवजी खाली कोपऱ्यात आकडा ठेवला. फोटो घेतला की आकडा एकानं वाढायचा. कोणता घेतला ते फोटोवर दिसायचं नाही, पण आकडा वाढला म्हणजे घेतला, असं आम्ही धरून चालायचो.

तर त्या संध्याकाळी नातीचं लग्न चाललं होतं स्क्रीनवर. नात म्हणजे आमच्या थोरल्या पोरीची पोरगी.

"पुढं. पुढं. ही तुमच्या चुलतभावाची सून ना? घ्या हिला."

"हिचा एक घेतला की मघाशी."

"मघाशी जेवताना घेतला. तो बघून ती काय म्हणंल? हिथं नटलेली हाय."

"बरं."

"पुढं. हे कोण? नवऱ्याकडचं दिसतंय. अंगठ्या बघा. घ्या, पाहुण्याचं माणूस हाय."

"अंगठ्यांसाठी घ्यायचा का?"

"तुम्ही दाबा. लई बोलू नका."

असं चाललं होतं. मग तिचा भाऊ आला.

हा तिचा धाकटा भाऊ राजूरला असतो. देवळाच्या वाटेवर नारळ-फुलांचं दुकान आहे आणि थोडी शेती. रुसण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. लग्नात फेटे बांधणारा माणूस घाईत निघून गेल्ता आणि हा एकटा बिनफेट्याचा राहिला. मग कुणीतरी तयार फेटा आणून त्याच्या डोक्यात घातला. तो सैल. भुवईवर येऊन बसला. तेवढ्यावरून हा मंडपाबाहेर जाऊन टेम्पोत बसला. अक्षता पडायची वेळ आली तरी उतरेना. शेवटी बायको गेली. टेम्पोच्या फळीपाशी उभी राहून त्याला म्हणाली, "उतर. नातीच्या अल्बममधी तुझं पूर्ण पान लावते. माझ्या हातानं लावते." मी मागंच उभा होतो. तेव्हा हा उतरला, आणि उतरताना हसला. तेवढ्यात माझ्या पोरानं त्याचा फोटो काढला.

तो हाच फोटो. फेटा भुवईवर, एक हात फेट्याला, तोंड उघडं आणि समोरच्या दोन दातांची जागा मोकळी. मला तो फोटो आवडला नव्हता. आजही आवडत नाही. मला पांढरा फेटा आणि वर गेलेला हात अंधुक दिसला, कोण ते कळलं, आणि मी चाक फिरवलं.

"थांबा, थांबा! कुठं पळून राह्यले? घ्या त्याला. दोन डाव दाबा."

फोटो अजून समोरच होता, बदलला नव्हता. मी दोनदा दाबलं.

"वाढला का आकडा?"

तिनं वाकून बघितलं. "वाढला." मग पुढचा फोटो आला. आचारी बुंदीच्या टोपलीला पाठ लावून झोपलेला. ती म्हणाली, "बघा हा मेला, लोकं पंगतीला बसलेत अन् हा घोरून राह्यला. पुढं."

मी पुढं गेलो. असं करत सगळं निवडून झालं. तिनं पोराला सांगितलं, झालं रे तुझ्या भाचीचं, पाठव. मग आम्ही घरी गेलो, तिनं पिठलं केलं, जेवलो, झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेथी निवडताना आडवी झाली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला हार्ट. मी बाहेर ओट्यावर होतो. आतून आवाज आला नाही, काही नाही. यापेक्षा जास्त मला त्याबद्दल लिहायचं नाही.

भाऊ राजूरहून आला. रीतीप्रमाणं माहेरची साडी त्यानं आणली, हिरवी, चांगल्यातली. आपल्या हातानं तिच्यावर घातली. तिरडीला पहिला खांदा त्यानं दिला आणि तेराव्यापर्यंत येत राहिला. त्या दिवसांत त्याच्याइतकं कुणी केलं नाही, हे मला कबूल आहे.

इकडं पोरानं निवडलेले फोटो लॅबला पाठवून दिले होते. घरात मयत झालेली, पानं कशी लागली ते कोण बघतो? अल्बम छापून झाला आणि परस्पर नातीच्या सासरी गेला. आमच्यातल्या कुणीही तो बघितला नव्हता.

भावानं बघितला. तेराव्यानंतर तो नातीला भेटायला तिच्या सासरी गेल्ता. तिथं पाहुण्यांनी कौतुकानं अल्बम काढला. सगळे भोवती बसले. हा आपलं पान यायची वाट बघत. मग पूर्ण पान आलं आणि त्याच्यावर आचारी झोपलेला. पाहुणे हसले. हाही त्यांच्याबरोबर वरवर हसला असंल. मग शेवटच्या पानापर्यंत बघितलं. त्याचा एक फोटो नाही. मागं उभा असलेलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या घरी आला. मी ओट्यावरच होतो. पाणी दिलं, त्यानं हात लावला नाही. आत जाऊन बहिणीच्या फोटोपुढं उभा राहिला आणि बाहेर आला.

"दाजी, एक विचारू?"

"इचार."

"आक्काला माझा एवढा राग हुता का?"

"कशाचा राग?"

"फेट्यापायी मी टेम्पोत बसलो त्याचा. चारचौघात इज्जत घालवली आसं वाटलं आसंल तिला. वाटलं तर वाटलं. मला तोंडावर शिव्या द्यायच्या. पण माझ्या जागी आचारी निजवला तिनं! पाहुण्यापुढं!"

मला काय ते कळेचना. मग त्यानं अल्बमचं सगळं सांगितलं. मी म्हणलो, "असं हुनारच न्हाई. तुझा फोटो म्याच दाबला. ती बोलली अन् म्या दाबला."

"मंग कुठं गेला?"

"ते मला काय माहीत?"

"दाजी, तुम्ही आता तिची बाजू घेऊन राह्यले. घ्या. मेलेल्या माणसाला कुणी बोल लावू बी नये. पण साडी घातली तवा मला म्हाईत असतं, तर..." त्यानं साडी घातलीच असती, मला माहीत आहे. पण तसं म्हणून गेला आणि चप्पल घालून निघाला.

मी जेवलो नाही. ती असती तर टेम्पोपाशी गेली तशी राजूरला गेली असती आणि त्याला दोन शब्दांत जाग्यावर आणलं असतं. आता ती नाही, आणि हा तिच्यावर रुसून बसला. जितं माणूस रुसलं तर समजूत घालता येते. पण मेलेल्या बहिणीवर रुसलेला भाऊ कोणाकडून समजूत घालून घेणार? हा असाच मरणार, हेच डोक्यात घेऊन. मला ते बिलकुल चालणार नव्हतं.

मी तडक मस्तगडला गेलो. सून कामात होती. मी म्हणलो, "तुझ्या मशीननं घात केला."

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आबा, मशीन आपल्या मनानं फोटो घेत न्हाई. आचाऱ्यावर दोनदा दाबलंय, हिथं दिसतंय मला. चुकून दाबलं आसंल तुम्ही."

"म्या आचाऱ्यावर हात ठेवला न्हाई."

"तुम्हाला नीट दिसत न्हाई ना पण."

"तुझ्या सासूला दिसत हुतं ना? ती म्हणली आचारी मेला झोपला, पुढं. पुढं म्हणल्यावर म्या कशाला दाबू?"

सासूचं नाव निघालं की ती वाद घालत नाही. तिनं माउस घेतला, नातीचं लग्न उघडलं, मामाच्या, म्हणजे माझ्या ह्याच मेव्हण्याच्या फोटोवर आली, दोनदा दाबलं, तपासलं. मामाच निघाला. परत केलं, परत मामाच. वेगवेगळे फोटो घेऊन केलं. दर वेळेस बराबर. म्हणाली, "बघा आबा."

मी म्हणलो, "तू करतीस तसं आम्ही करत नव्हतो."

"मंग कसं करत होता?"

"ती बोलायची, मी दाबायचो."

ती उठली, खुर्ची माझ्याकडं सरकवली आणि स्वतः डाव्या बाजूला बसली. "बसा. आत्या बोलायच्या तसं मी बोलते. तुम्ही नेहमीसारखं करा." आमच्याकडं सुना सासूला आत्या म्हणतात.

मला ते बरं वाटलं नाही. त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं मला नको होतं. पण बसलो. ती म्हणाली, "पुढं." मी चाक फिरवलं. "पुढं. पुढं. घ्या." मी दाबलं. सुरुवातीला आमचा मेळ बसेना. ती फार सावकाश बोलायची, शिकलेल्या माणसासारखी. मी म्हणलो, "जल्दी बोल. ती काय एवढी थांबत न्हवती. अन् मधी मधी लोकांना नावं ठेव."

"मला नाही जमत नावं ठेवायला."

"मंग फोटो निवडायला बी जमायचं न्हाई."

ती हसली. मग तिनं सुरू केलं. पुढं, पुढं, ही बाई घ्या, पुढं, हा नको, पुढं. मामा आला. मी सवयीनं चाक फिरवलं. ती ओरडली, "थांबा थांबा, घ्या त्यांना, दोनदा!" मामा समोरच होता. मी दोनदा दाबलं. आकडा वाढला. मग आचारी आला.

तिनं माझ्या हातातला माउस काढून घेतला आणि काय घेतलं गेलं ते उघडून बघितलं. आचारी.

"अगं बाई," ती म्हणाली. मग परत तसंच करायला लावलं. परत आचारी. मग तिनं चहा सांगितला, मला पाजला, स्वतःचा गार होऊ दिला आणि त्या अक्षरांच्या जंजाळात शिरली. बऱ्याच वेळानं खुर्ची माझ्याकडं फिरवून तिनं मला समजावून सांगितलं. मला जसं कळलं तसं लिहितो.

तिच्या अगदी पहिल्या प्रोग्राममध्ये समजा एकच गडी होता. फोटो आणायचाही त्यानंच आणि माउसपाशी बसायचंही त्यानंच. लग्नाचे फोटो वजनाला भारी. तो गडी फोटो आणायला गेला की माउसपाशी कुणी नाही. गिऱ्हाईक दाबत बसायचं, काही व्हायचं नाही, मग चिडून आणखी दाबायचं. गडी परत आला की ते सगळं दाबणं एकदम त्याच्या अंगावर. मग फोटो भराभर पळायचे, नको ते घेतले जायचे. एक बाई तर माउस आपटून गेली होती. म्हणून सुनेनं त्याच आठवड्यात दोन गडी केले. ती त्याला थ्रेड म्हणते. एक गडी नुसते फोटो आणायचा, दुसरा नुसता माउसपाशी बसायचा. आता दाबलं की लगेच नोंद व्हायची. कुणाला थांबावं लागायचं नाही. आम्हालाही ते चांगलं वाटलं होतं.

दोघांच्या मधे एक पाटी समजा, कोणता फोटो चालू आहे त्याचा नंबर तिच्यावर. घोटाळा असा की चाक फिरवलं की माउसपाशी बसलेला गडी पाटीवरचा नंबर लगेच पुढचा करायचा. पण दुसऱ्या गड्याचा फोटो अजून वाटेत. म्हणजे पाटीवर आचाऱ्याचा नंबर लागला आणि डोळ्यापुढं अजून मामाच. त्या मधल्या टायमात कुणी दाबलं तर नोंद करणारा गडी वर बघायचा नाही, पाटी बघायचा. पाटीवर आचारी, तर आचारी.

"मंग तुझ्या हातानं का न्हाई झालं?"

"मी फोटो पूर्ण येईपर्यंत थांबते. मला माहीत असतं ना की थांबायचं. चाक फिरवल्यावर परत मागच्यासाठी कुणी दाबंल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

मी म्हणलो, "म्हणजे पाटाच्या पाण्यासारखं."

"कसं?"

केदारखेड्याला आमची शेती, तिथं विहीर वरच्या बांधाला आणि मिरचीचा तुकडा खाली. मी मोटारीपाशी असायचो आणि बायको खाली दारं धरायची, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी फिरवायची. शेवटचा वाफा भरला की ती खालून ओरडायची, बंद करा. मी मोटार बंद करायचो. पण पाटातलं पाणी यायचं थोडंच थांबतं? ते खाली जाऊन शेजाऱ्याच्या तुकड्यात घुसायचं आणि शेजारी आमच्या नावानं ओरडायचा. बटण इकडं बंद झालं, पाणी तिकडं वाटेतच.

सून म्हणाली, "बराबर. फक्त हिथं दोघांनी एकमेकाला आवाज द्यायचं मी ठेवलंच नव्हतं."

तिनं ते दुरुस्त केलं. आता दाबलं की समोर जो फोटो दिसतोय त्याच्याच नावावर जातं, नवा फोटो वाटेत असला तरी. काय केलं ते ती सांगत होती, फोटोच्या पाठीलाच त्याचा नंबर चिकटवला म्हणे, म्हणजे तो पडद्यावर असेपर्यंत त्याचाच नंबर. मी हो म्हणलो. आणि ती हिरवी खूणही परत घातली, पण लहान, फोटोच्या बाहेर कडेला. मला विचारलं, "आत्यांना चाललं असतं का?" मी म्हणलो, "कुणाच्या अंगावर न्हाई ना? मंग चाललं असतं."

पण त्यानं माझं काम झालं नव्हतं. सून म्हणाली, नवीन अल्बम छापून देऊ, मामांचं पूर्ण पान लावून. मी म्हणलो, त्यानं काय होणार? तो म्हणंल, मी बोललो म्हणून आता ठिगळ लावून राह्यले. मी तिला म्हणलो, "जुना प्रोग्राम पुसला का?"

"नाही, आहे."

"ठेव. त्याला हिथं आणतो."

आणायला पोराला पाठवलं. मेव्हणा यायला तयार नव्हता. पोरगा म्हणाला, आबा बोलावून राह्यले, नाही आलास तर ते तिकडं येऊन तुझ्या दुकानापुढं बसतील. तेव्हा मोटारसायकलवर मागं बसून आला. दुपारचं ऊन कलत आलं होतं. दुकानात आला तरी उभाच.

"बोला दाजी. मला गाडी गाठायची हाय."

"बस."

"उभ्यानं ऐकतो."

"बस म्हणलं ना. डोक्यावर उभा ऱ्हाऊ नको."

बसला. मी माउस त्याच्या हातात दिला. सुनेनं जुना प्रोग्राम लावला, त्याचा फोटो आणला. म्हणलं, चाक फिरव आणि लगेच दोनदा दाब. त्याचा हात राठ, माउस दोनदा घसरला. मग जमलं. सुनेनं उघडून दाखवलं. आचारी.

"अजून कर."

केलं. परत आचारी. त्यानं तिसऱ्यांदा स्वतःहून केलं. मग माउस बाजूला ठेवला.

"मशीनचं खोटं हाय, हे कबूल," तो म्हणाला. "पण दाजी, मशीन काय बोलत न्हाई. आक्का 'घ्या' म्हणली, हे तुम्हीच सांगून राह्यले. तुम्ही तर तिच्याच बाजूनं बोलणार."

"मंग कुणाच्या बाजूनं बोलू? बायकोच्या न्हाई तर काय तुझ्या?"

"तेच म्हणतो मी."

मला राग आला. मी म्हणलो, "आता नीट ऐक. मला तुझा फोटो घ्यायचाच नव्हता. फेटा डोळ्यावर, तोंड वासलेलं, असला फोटो पूर्ण पानावर कोण लावतं? म्या तुला टाकून पुढं चाललो हुतो. चाक फिरवलं हुतं. ती गप बसली असती, तर म्या दाबलंच नसतं. अन् दाबलं नसतं, तर अल्बममधी तू बी नसता अन् आचारी बी नसता. आचारी तिथं आला कसा? आचाऱ्याचा फोटो पूर्ण पानावर कोण घेतं, सांग. ती मागून ओरडली म्हणून तर तो आला. तुझ्यासाठीच ओरडली ना?"

तो स्क्रीनकडं बघत बसला. आचारी तसाच झोपलेला. सून माझ्याकडं बघत होती, एवढं तोंडावर बोलायची काय गरज होती, असं. मग त्यानं टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि विचारलं, "काय म्हणून ओरडली?"

"थांबा थांबा म्हणली. कुठं पळून राह्यले म्हणली."

"तुम्हाला?"

"मंग काय तुला? तू टेम्पोतून उतरलेला हुता की."

त्याला हसू आलं आणि ते अर्ध्यात मोडलं. टोपीनंच डोळे पुसले. सून उठून उगीच बाहेर गेली. थोड्या वेळानं तो म्हणाला, "नवीन अल्बम छापू नका."

"का?"

"खर्चा कशाला? अन् हाय तोच बरा हाय. त्या पाहुण्याला मी सांगतो हा आचारी कसा आला ते. हसले तर हसले." मग टोपी घालून उठला. "तेवढा माझा फोटो मात्र मोठा करून द्या. आक्का बोलली हुती."

त्यानं पाणी मागितलं, तांब्याभर प्याला, आणि गाडी गाठायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोराच्या आधी दुकानात गेलो. सुनेला आदल्या दिवशीच सगळं लावून ठेवायला सांगितलं होतं. मामाचा फोटो आणला. पूर्ण येऊ दिला. बाण खाली त्याच्या चपलांपाशी नेला आणि दोनदा दाबलं. कडेला हिरवी खूण आली, मला एवढी दिसली. पोरगा आल्यावर मोठा छापून घेतला, दुकानातच फ्रेममध्ये बसवला आणि मी राजूरच्या एसटीत बसलो. फोटो मोठा, तो मांडीवर उभा धरावा लागला.

शेजारी एक बाई होती. तिनं बघितलं, पदर सावरला आणि हलक्या आवाजात विचारलं, "बाबा, कवा वारले हे?"

"ह्यो जित्ता हाय," मी म्हणलो. "बायको वारली माझी. ह्यो तिचा भाऊ. त्याचाच फोटो त्याला देऊन येतो."

बाई थोडी सरकली, तेव्हा फोटो आडवा धरता आला.